राणीछाप रुपया काळा पडलाय? घासण्याआधी हे वाचा

धनत्रयोदशीला देवघरातले चांदीचे रुपये बाहेर निघतात. चिंचेच्या कोळात बुडवून, राखेनं किंवा भांडी घासायच्या पावडरीनं चोळून लख्ख केले जातात आणि पाटावर मांडले जातात. खानदेशात घरोघरी हे चालत आलंय आणि पूजेपुरतं त्यात काही वावगं नाही. अडचण येते ती त्यातला एखादा रुपया विकायची वेळ आल्यावर. जळगावच्या सराफ बाजारात तो चांदीच्या भावानं लगेच घेतला जातो. नाणेसंग्राहक मात्र भिंगातून एकदा बघतो आणि परत देतो. काळवंडलेला, कुणी हात न लावलेला रुपया दाखवला असता तर त्यानं निदान भाव तरी विचारला असता.

संग्राहक रंगाला पैसे देत नाही, रंगाखालच्या पृष्ठभागाला देतो. टाकसाळीतून निघताना नाण्याला जे अंग होतं ते शाबूत आहे का, एवढाच त्याचा प्रश्न असतो. काळेपणा, निळसर झाक, हिरवा कळंक या साऱ्याचा भाव याच प्रश्नावरून ठरतो.

चांदीवर रंग येतो कसा

हवेत गंधकाची संयुगं अगदी थोड्या प्रमाणात कायम असतात. चुलीच्या धुरात, गटारीच्या वासात, कोळशाच्या धुरात, रबरात, स्वस्त पुठ्ठ्यात, लोकरीत. ती चांदीशी संयोग पावतात आणि नाण्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. सुरुवातीला हा थर मिलिमीटरच्या काही लाखाव्या भागाइतका पातळ असतो. पावसात रस्त्यावरच्या डबक्यात डिझेलचा तवंग जसा रंग दाखवतो, तसाच हा थर प्रकाशाच्या खेळानं रंगीत दिसतो. त्यात रंगद्रव्य काही नसतं.

थर जाड होत जातो तसे रंग ठरलेल्या क्रमानं बदलतात. आधी फिकट सोनेरी, मग तांबूस सोनेरी, मग जांभळट, मग निळा, पुढे फिकट आकाशी. त्यानंतर पुन्हा पिवळा, किरमिजी, हिरवट अशी दुसरी फेरी होते आणि शेवटी करडा आणि काळा. हा क्रम लक्षात ठेवा, खरा-खोटा रंग ओळखताना तोच कामाला येतो. कागदी पाकिटात किंवा अल्बममध्ये राहिलेल्या नाण्याला हवा कडेकडून लागते, म्हणून कडेला निळा, आत तांबूस आणि मधोमध सोनेरी किंवा पांढरी चांदी अशी वलयं दिसतात.

काळा हा या प्रवासाचा शेवट. तिथं पोचलेल्या थरानं बहुतेक वेळा खालची चांदीही थोडी खाल्लेली असते. म्हणूनच हलक्या रंगाला मान आहे आणि कोळशासारख्या काळ्या, निस्तेज थराला नाही.

झळाळी म्हणजे नेमकं काय

संग्राहक ज्याला लस्टर म्हणतात ते पॉलिश नव्हे. ठशाचा दाब पडतो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात, मधून बाहेर जाणाऱ्या. एकाच दिव्याखाली नाणं हळूहळू तिरपं करत फिरवलं की या रेषांवरून प्रकाशाचे दोन पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. त्या रेषा एकदा गेल्या की जगातला कोणताही कारागीर त्या परत आणू शकत नाही.

चिंच, लिंबू, तेजाब यांचं आम्ल आधी सल्फाइड खातं आणि मग या रेषांचे माथे. राख, रांगोळी, टूथपावडर हे सगळं घासणारं आहे, ते तर रेषा सरळ कापून काढतं. घासलेलं नाणं चमकतं खरं, पण ती चमक सगळीकडून सारखी, सपाट आणि किंचित बोथट असते. तिरपं केलं तरी आरे फिरत नाहीत. भिंगाखाली एकाच दिशेनं गेलेले केसासारखे ओरखडे दिसतात, राणीच्या गालावर आणि मोकळ्या जागेत सगळ्यात जास्त.

सराफाकडचं डिप नावाचं द्रावण घासत नाही, त्यामुळे ते निर्धोक वाटतं. थायोयुरिया आणि आम्लाचं ते मिश्रण सल्फाइड विरघळवतं. पण त्या सल्फाइडमधली चांदी नाण्यातूनच आलेली होती, ती थरासोबत धुऊन जाते. एखाद्या सेकंदाची बुडी कधी खपून जाते. दोन-तीनदा बुडवलेलं नाणं पांढरंफटक आणि मेलेलं दिसतं. ॲल्युमिनियम फॉइल, गरम पाणी आणि खायचा सोडा हा घरगुती उपाय सल्फाइडची परत चांदी करतो हे खरं, पण ती चांदी मूळ रेषांवर नीट बसत नाही, भुकटीसारखी बसते आणि नाणं धुरकट दिसतं.

भाव कुठे वाढतो, कुठे पडतो

आधी तळ काढून घ्या. 1835 पासून पुढे एक शतकभर चाललेला चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात 91.7 टक्के चांदी. शुद्ध चांदी भरते साधारण 10.69 ग्रॅम. त्याला आजच्या ग्रॅमच्या भावानं गुणा, याच्या खाली तो रुपया कधी जाऊ नये. 1940 ते 1945 च्या रुपयाचं वजन तेच, पण चांदी निम्मी, म्हणजे 5.83 ग्रॅम. बाकी तांबं, निकेल आणि जस्त, म्हणून तो पिवळट-तपकिरी पडतो आणि त्याचा रंग क्वचितच देखणा होतो. 1947 चा रुपया निकेलचा आहे, त्यात चांदी नाहीच. 1969 चं गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं नाणं 15 ग्रॅमचं, त्यात चांदी 12 ग्रॅम.

आता तळाच्या वर काय मिळतं ते बघू. चलनात फिरून झिजलेला, नेहमी सापडणारा रुपया, समजा 1862 चा राणीछाप किंवा 1918 चा पाचव्या जॉर्जचा. तो करडा असो की काळपट, रंगानं भाव फारसा हलत नाही. झिजलेल्या नाण्यावरची साधी करडी छटा ही त्याची नेहमीची तब्येत आहे. घासून पांढरा केला तर मात्र चांदीच्या भावाच्या आसपास येऊन बसतो, कारण तसाच न घासलेला दुसरा रुपया संग्राहकाला सहज मिळतो.

तोच 1918 चा रुपया चलनात न फिरलेला असेल आणि त्यावर निळी-सोनेरी वलयं असतील, खालून आरे फिरताना दिसत असतील, तर लिलावात दोन हौशी समोरासमोर आले की भाव साध्या पांढऱ्या जोडीदाराच्या दुप्पट-तिप्पट चढू शकतो. ही हौस आहे, तिला पक्कं कोष्टक नाही. पण तीच वलयं झिजलेल्या रुपयावर असतील तर जाणकार उलट सावध होतो.

दुर्मिळ नाण्यांचा हिशेब वेगळा. 1911 च्या रुपयावर राजाच्या झग्यातला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि नाणं मागं घेतलं गेलं. 1912 पासून हत्ती सुधारला. असा रुपया घासलेला असला तरी त्याला गिऱ्हाईक आहे. फक्त न घासलेल्याला मिळाले असते त्यातला मोठा हिस्सा गेलेला असतो. मुघलांच्या बुऱ्हाणपूर टाकसाळीच्या रुपयावर तर टाकसाळीचं नाव आणि सन वाचता येणं हे आधी बघितलं जातं, रंग नंतर.

सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा स्त्रियांच्या गळ्यातल्या रुपयांच्या हारांमधून निघालेली नाणी बाजारात नेहमी येतात. त्यांना कडेला डाग देऊन, म्हणजे झाळून, कडी जोडलेली असते. कडी काढून ती जागा घासली जाते आणि मग काळा रंग चढवून झाकली जाते. म्हणून कड बोटांनी फिरवत पूर्ण बघा. दात एका जागी सपाट झालेले किंवा बारीक फुगवटा दिसला, तर वरचा रंग कितीही सुंदर असो, नाणं दुरुस्त केलेलं समजा. हार म्हणून मात्र तो अख्खा ठेवावा. नाणी सोडवून विकण्यात दोन्हीकडचं नुकसान आहे.

मुद्दाम चढवलेला रंग कसा ओळखायचा

रंगीत नाण्याला जास्त पैसे मिळतात म्हटल्यावर रंग चढवणारेही आले. कुणी भट्टीत तापवतं, कुणी गंधकाच्या द्रावणात बुडवतं, कुणी उकडलेल्या अंड्यासोबत डब्यात बंद करून ठेवतं. तपासायला दहापट भिंग, एकच पिवळसर बल्ब आणि टेबलावर मऊ कापड एवढं पुरे. ट्यूबलाइटखाली तपासू नका, पसरट उजेडात ओरखडे लपतात. नाणं कडेला दोन बोटांत धरा आणि तिरपं करत फिरवा.

पहिली गोष्ट रंगांचा क्रम. सोनेरीच्या शेजारी एकदम हिरवा किंवा मधला तांबूस न लागता झगझगीत निळा आला तर संशय घ्या. दुसरी, रंगाचा उतार. खरा रंग वर्षानुवर्षं बसतो, तो एका छटेतून दुसरीत हळू सरकतो आणि अक्षरांच्या अगदी पायथ्याशी बहुधा एक बारीक उजळ किनार सोडतो. चढवलेला रंग डागासारखा थांबतो, अक्षरांवरून सरसकट वाहत जातो, कधी द्रावणाच्या ओघळाची रेघ दिसते. तिसरी आणि सगळ्यात मोलाची गोष्ट, रंगाच्या खालून ओरखडे दिसतात का. दिसले तर नाणं आधी घासलं गेलं आणि रंग नंतर आला, मग तो आपोआप आला असो की आणलेला असो.

शंका उरली तर शुद्ध ॲसिटोननं भिजवलेली कापसाची काडी कडेजवळ नुसती टेकवा, चोळू नका. सिल्व्हर सल्फाइड ॲसिटोनमध्ये विरघळत नाही. काडीला रंग लागला तर तो लाख, शाई किंवा वॉर्निश आहे. काडी कोरी राहिली म्हणून रंग खरा ठरत नाही, एवढंच की तो रंगवलेला नाही.

खोटा काळेपणा आणखी एका कामाला वापरतात. ईस्ट इंडिया कंपनी, 1818 आणि एका बाजूला राम दरबार किंवा हनुमान अशी तांब्या-पितळेची नाणी यात्रा-जत्रांतून आणि मोबाइलवरून लाखोंच्या गोष्टी सांगत विकली जातात. ‘तांदूळ ओढणारं नाणं’ म्हणूनही तीच फिरतात. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. ओतकामाचे दाणे आणि बुडबुडे दिसू नयेत म्हणून त्यांना काळं केलेलं असतं. त्यात कष्टाचा पैसा घालू नका.

तांबं: लाल, तपकिरी आणि हिरवं

पाव आणा, आधेला, पै, भोकाचा पैसा या नाण्यांचं गणित चांदीच्या उलट आहे. इथं मूळ लाल रंग टिकणं हीच श्रीमंती. प्रतवारी करणाऱ्या परदेशी संस्था तांब्याच्या नाण्यावर तीन शेरे देतात. मूळ लाली साधारण 95 टक्के किंवा जास्त टिकली असेल तर रेड, त्याखाली 5 टक्क्यांपर्यंत रेड-ब्राउन आणि त्याहून कमी असेल तर ब्राउन. एकाच सालाच्या, सारख्याच न झिजलेल्या दोन पाव आण्यांमध्ये लालला तपकिरीपेक्षा कितीतरी जास्त भाव येतो.

गेलेली लाली परत येत नाही. चिंच लावल्यावर दिसतो तो गुलाबी, कच्च्या तांब्याचा रंग. टाकसाळीची लाली नारिंगी झाक असलेली असते आणि तिच्यात झळाळी असते. चिंचेची गुलाबी आधी निस्तेज होते आणि मग डागाळत ठिकठिकाणी काळी पडते. एकसारखा, गुळगुळीत चॉकलेटी रंग असलेलं तांब्याचं नाणं म्हणूनच सन्मानाचं मानतात. तो थर तांब्याला सांभाळतो. शिवराईवर तर हा थर नसेल तर जाणकार विचारतो, का नाही?

हिरव्यात दोन जाती आहेत आणि फरक जीवघेणा आहे. जमिनीत पडून राहिलेल्या जुन्या तांब्यावरचा घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर दगडासारखा टणक असतो. नखानं निघत नाही, नाण्याचं काही बिघडवत नाही, आणि प्राचीन नाण्यावर तो एकसारखा असेल तर भाव वाढवतो. दुसरा फिकट, पोपटी, पिठासारखा. काडी लावली की भुकटी पडते आणि खाली खड्डा दिसतो. हा तांब्याच्या क्लोराइडचा रोग. मातीतलं मीठ किंवा हाताचा घाम आत शिरलेला असतो आणि हवेतला ओलावा मिळाला की तो पुन्हा पुन्हा आम्ल तयार करत तांबं पोखरत राहतो. पावसाळा सुरू झाल्यावर नव्यानं हिरवे ठिपके उठले तर हाच समजा. ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा, सिलिका जेलसोबत घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत टाका आणि धातूंच्या जतनाचं काम करणाऱ्याला दाखवा. तेल लावून दाबून टाकू नका. तेलाखाली तो चालूच राहतो.

सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांसाठी एकच सूचना, पण ठाम. ती लाकडी कपाटात, प्लायवूडच्या पेटीत किंवा पुठ्ठ्यात ठेवू नका. लाकडातून सुटणाऱ्या व्हिनेगरसारख्या आम्लाच्या वाफेनं शिसं पांढरं भुकटीत फुटतं आणि लेख काही वर्षांत पुसला जातो. ती पांढरी भुकटी विषारी आहे, नाण्याला हात लावल्यावर साबणानं हात धुवा.

काय धुवावं, कशानं

रंग काढायचा नाही, पण नाण्यावर नंतर चिकटलेलं काढता येतं. हळद-कुंकवाचा तेलकट थर, सेलोटेपचा डिंक, ताजे बोटांचे ठसे, आणि मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातून उतरलेला हिरवट चिकटा. यासाठी प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातलं शुद्ध ॲसिटोन घ्या. नेलपॉलिश काढायचं नको, त्यात सुगंध आणि तेल असतं. खिडक्या उघड्या हव्यात, घरात गॅस, निरांजन, अगरबत्ती काहीही पेटतं नको.

दोन काचेच्या वाट्या घ्या. प्लॅस्टिकची चालणार नाही, ती विरघळून नाण्यावर बसेल. पहिल्या वाटीत नाणं बुडेल इतकं ॲसिटोन ओतून 10 मिनिटं ठेवा, चिकटा जुना असेल तर काचेचं झाकण ठेवून काही तास. मग दुसऱ्या वाटीतल्या स्वच्छ ॲसिटोनमध्ये एकदा विसळा. ही दुसरी बुडी टाळली तर पहिल्या वाटीत विरघळलेला मळ सुकताना पुन्हा नाण्यावर बसतो. काढून मऊ कापडावर उभं-आडवं न चोळता तसंच सुकू द्या. माती असेल तर त्याआधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक-दोन दिवस, पाणी बदलत. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार डाग सोडतात.

खानदेशी हवेत सांभाळ

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांवर जातो आणि लगेच मागून दमट पावसाळा येतो. नाण्यांसाठी हे दोन्ही वाईट. मऊ, पारदर्शक, नव्या रेनकोटसारखा वास येणारी पाकिटं पीव्हीसीची असतात. उन्हाळ्याच्या उष्णतेत त्यांतलं मऊ करणारं तेल आणि आम्ल झपाट्यानं सुटतं आणि नाणं हिरवं, चिकट होतं. कडक, कुरकुरीत आवाजाची पॉलिस्टर किंवा पॉलीप्रॉपिलीनची पाकिटं घ्या, महाग नाण्याला ॲक्रिलिकचं गोल कॅप्सूल. पुठ्ठ्याच्या चौकटीतून नाणं काढताना आधी पिना पूर्ण उपटा. ओढून काढलेल्या नाण्यावर पिनेचा ओरखडा हमखास येतो.

डबा स्टीलचा किंवा घट्ट झाकणाचा, आत 50 ग्रॅम सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की साधारण 110 अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात. डबा देवघराच्या धुरापासून आणि स्वयंपाकघरापासून लांब. कपाशी-मिरचीवर फवारायच्या गंधकाची पिशवी ज्या खोलीत आहे तिथं तर चांदीचं नाणं ठेवूच नका. रबरबँड, वर्तमानपत्र, डांबर गोळ्या, लोकरीचं कापड, यातलं काही डब्यात नको. रबरबँड बांधलेल्या नाण्यांवर बरोबर त्याच्या खुणेची काळी रेघ उठते आणि ती निघत नाही.

विकताना

प्रतवारी करून घ्यायची असेल तर हे माहीत हवं की घासलेल्या किंवा रंग चढवलेल्या नाण्याला प्रतवारी करणाऱ्या संस्था त्याच्या प्रतीचा 70 पैकी आकडा देत नाहीत. नाणं अस्सल आहे पण सफाई झालेली आहे किंवा रंग शंकास्पद आहे असा शेरा मारून बंद करतात, आणि बाजार त्या शेऱ्याप्रमाणेच भाव करतो. साध्या झिजलेल्या रुपयासाठी हा खर्च निघत नाही. शंभर वर्षांहून जुनी नाणी कायद्यानं पुरावस्तू ठरतात, ती विकण्यासाठी देशाबाहेर पाठवता येत नाहीत. शेतात किंवा जुनं घर पाडताना दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. तिथंही धुण्याची घाई नको. मातीसकट, ज्या मडक्यात निघालं त्यासकट ठेवा.

फोटो काढताना रंग उठून दिसावा म्हणून मोबाइलचं सॅच्युरेशन वाढवू नका. एक फोटो दिवसाच्या सावलीतल्या उजेडात सरळ वरून, दुसरा बल्बखाली तिरपा, तिसरा कडेचा. नाणं कधी घासलं गेलं असेल तर तसं लिहून टाका.